हौसाबाईची जागा

“नावं लिवायची घाई करू नका, बाई,” हौसाबाई म्हणाली होती. “आधी चार दिस हितं गोणपाटावर बसा. मेथी निवडा. मग काय लिवायचं ते लिवा.”

मी हसून पेनाचं टोपण काढलं. माझ्याकडे चार दिवस नव्हतेच, दोन होते. शिवाय काखेत अकरा महिन्यांची रेणू होती, मागून एक टेम्पो रिव्हर्स येत होता आणि माझं अर्धं लक्ष त्याच्या चाकाकडे होतं. अर्थशास्त्रात एम. ए. झालेल्या बाईनं बाजार कळायला मेथी निवडत बसावं, हे ऐकून मला तेव्हा गंमतच वाटली होती.

बोरशिरसला येऊन आम्हाला सात महिने झाले होते. नवरा पाटबंधारे खात्यात. सोमवारी सकाळी कालव्याच्या कामावर जायचा तो शनिवारी संध्याकाळी उगवायचा. मधले सहा दिवस मी आणि रेणू. रेणूचं वजन वाढत नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, होतं असं, काही मुलं चणीनं बारीक असतात. मी मान डोलवायची आणि घरी येऊन पुन्हा तिच्या मनगटाभोवती माझी दोन बोटं गुंडाळून बघायची.

नगरपालिकेला रस्त्यावर बसून विकणाऱ्यांची यादी करायला शिकलेली माणसं हवी होती. काम तात्पुरतं होतं, पण काम होतं. गावात पाळणाघर एकच आणि त्याच्या दारात उघडं गटार, ते मी दोनदा जाऊन बघून आले होते. म्हणून रेणूला ओढणीनं पोटाशी बांधलं, पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली टाकली आणि निघाले.

माझ्या वाट्याला तालमीची गल्ली आली. तालमीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत भाजी विकणाऱ्या बावीस बायका. रस्ता सिमेंटचा होणार होता. झाल्यावर कडेनं पांढरे चौकोन आखून मिळणार होते. यादीत नाव असेल तिला चौकोन, नसेल तिनं गल्ली सोडायची. इतकं ते सरळ होतं.

मी फॉर्मातल्या क्रमानं विचारत गेले. नाव काय, किती वर्षं बसता, काय विकता. बायका मेथीच्या मुळ्या तोडत, पाणी शिंपडत उत्तरं द्यायच्या. हौसाबाईला पूर्ण नाव विचारलं तर म्हणाली, हौसाबाईच लिवा, सगळं गाव वळखतंय. तिच्या शेजारी कोथिंबीर विकणारी तानूबाई, पलीकडे कांद्याची रखमा. आडनावं काहींनी सांगितली, काहींनी नाही. ती कागदपत्रं बघताना भरता येतील, असं म्हणून मी जागा मोकळी सोडली. दोन दिवसांत बावीस फॉर्म झाले. माझ्या अक्षराचं कार्यालयात कौतुक झालं.

आठ दिवसांनी देवकुळे साहेबांनी बोलावलं. ते या कामाचे प्रमुख. वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी माझे फॉर्म टेबलावर पसरले.

“बाई, तुमच्या यादीत नऊ बायका मेलेल्या आहेत.”

मला वाटलं अपघात झाला. टेम्पोच डोळ्यांसमोर आला.

तसं काही नव्हतं. कार्यालयाचा माणूस गल्लीत आधार कार्डं बघून आला होता. बावीसपैकी नऊ जणींची कार्डावरची नावं वेगळीच निघाली. तानूबाई कोळेकर वारून बारा वर्षं झाली होती, तिची नोंद याच कार्यालयाच्या मृत्यूच्या रजिस्टरात होती. तिच्या जागेवर बसत होती शमशाद मुलाणी. तानूबाई म्हणून हाक मारली की ‘ओ’ देत होती.

देवकुळे साहेबांच्या मते अर्थ उघड होता. कुणीतरी मेलेल्या बायकांच्या नावानं जागा धरून ठेवल्या आहेत आणि भाड्यानं लावल्या आहेत. भाड्याच्या जागेला चौकोन नाही, असा नियम. सोमवारी चौकशी, आणि तीत समाधान झालं नाही तर नऊच्या नऊ जागा रद्द. माझ्यावर ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, तुम्ही नवीन आहात. ते मला जास्त लागलं.

मी तशीच गल्लीत गेले. रागानं गेले होते, पण हौसाबाईनं रेणूला माझ्याकडून घेतलं आणि मांडीवर बसवून तिच्या हातात एक गाजर दिलं. गाजर धुतलेलं आहे का हे बघण्यात माझा निम्मा राग गेला. उरलेल्या रागानं मी विचारलं, तुझं नाव काय?

“घरचं व्हय? चांगुणा. चांगुणा मदने.”

“मग हौसाबाई कोण?”

ती तीस वर्षांपूर्वी गेली होती. या जागेवर पहिल्यांदा बसलेली बाई. तिच्यानंतर सखू बसली, सखूनंतर आणखी एक, मग चांगुणा. जी बसेल ती हौसाबाई. कारण गिऱ्हाईक हौसाबाईची मेथी विचारत येतं. त्याला चांगुणा म्हटलं तर ते पुढच्या बाईकडे जाईल. नवी बाई आधीच पोळलेली असते, तिला पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक पाहिजे. म्हणून नाव जागेचं. बावीसातल्या नऊ जागा अशा होत्या. बाकीच्यांवर अजून पहिल्याच बायका बसत होत्या, त्यांची नावं त्यांचीच होती.

आणि जागा कुणाला मिळते, हे मी विचारलं. ते शमशादनं सांगितलं. तिचा नवरा गवंडी, परांचीवरून पडून कंबर गेली. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या दोघी घरी आल्या आणि म्हणाल्या, तानूबाईची जागा मोकळी करतोय, उद्या ये. त्या वेळी तिथं बसणाऱ्या बाईचा मुलगा एस. टी.त लागला होता. ती उठली. तिनं शमशादला पाणी किती शिंपडायचं ते शिकवलं, जुन्या गिऱ्हाइकांचे चेहरे दाखवले आणि गेली. शमशादनं तिला काही दिलं नाही, तिनं काही मागितलं नाही.

“गरज हाय तवर बसायचं,” शमशाद म्हणाली. “गरज सरली की उठायचं. येवढंच.”

मी कॉलेजात बाजार या विषयावर दोन पेपर लिहिले होते. त्यात असलं काही नव्हतं.

पण मला सुटल्यासारखं झालं. मग सोपंच होतं. जुने फॉर्म फाडायचे, नवे भरायचे, त्यात यांची खरी नावं घालायची. वर्षानुवर्षं बसतात, भाडं देत नाहीत, चौकोन मिळायलाच हवा. मी तिथंच कोरा फॉर्म काढला आणि लिहिलं, चांगुणा.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तिच्या बोटांना माती होती, फॉर्मवर ठसा उमटला.

“माझं नाव नगं.”

का, ते तिनं सांगितलं नाही. सोमवारी साहेबालाच सांगीन म्हणाली. शमशादही नको म्हणाली, आणि बाकीच्या सात जणीही. मी समजावलं, चिडले, शेवटी अक्षरशः हात जोडले. नाव दिलं नाही तर सोमवारी जागा जाईल, हे मी नऊ जणींना नऊ वेळा सांगितलं. रखमा, जिच्या जागेचा प्रश्नच नव्हता, ती म्हणाली, बाईला आता चक्कर येईल, कुणीतरी लिंबू द्या.

रविवारी नवरा म्हणाला, तू चूक केलीस ती निस्तरायलाही गेलीस, आणखी काय करणार? मी रेणूला भरवत होते. ती तोंड मिटून बसली होती. नऊ घरं माझ्या सुंदर अक्षरामुळं उठणार होती, आणि वाचवायला गेले तर हीच पोर करते तसं त्या तोंड मिटून बसल्या होत्या.

सोमवार बोरशिरसचा बाजाराचा दिवस. नऊ जणींनी निरोप धाडला, आज कार्यालयात यायला जमणार नाही, साहेबांनीच यावं. मला वाटलं संपलं. पण देवकुळे साहेब आले. शिपायानं खुर्ची आणली होती, ती त्या गर्दीत मांडायला जागाच मिळेना. शेवटी चांगुणानं गोणपाट झटकून पसरलं आणि साहेब मेथीच्या ढिगाशेजारी मांडी घालून बसले. मी बाजूला, रेणू मांडीवर.

पहिली पाच मिनिटं त्यांना काही विचारताच आलं नाही, कारण गिऱ्हाईक थांबत नव्हतं. त्यात पिसाळ गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, हातात कापडी पिशवी. हौसाबाई, दोन पेंड्या दे, म्हणाले. साहेबांनी संधी साधली. विचारलं, गुरुजी, किती वर्षं हिच्याकडून घेता?

गुरुजींनी हिशेब केला. लग्न झालं त्या वर्षापासून. म्हणजे बावन्न वर्षं झाली. दर सोमवारी हौसाबाईचीच मेथी, दुसरीची घरात चालत नाही.

“आणि हिचं वय किती असेल?”

गुरुजींनी चांगुणाकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चांगुणा फार तर पंचावन्नची होती. मान खाली घालून ती पेंडी बांधत होती, आणि तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

“मग त्या वेळी कोण होतं?” गुरुजींनी विचारलं. कुणालाच नाही, हवेत.

शमशादनं त्यांना चारही बायका सांगितल्या. गुरुजींनी पिशवी खांद्याला अडकवली आणि चांगुणाला वाकून नमस्कार केला. ती पटकन मागं सरली. ते म्हणाले, तुला नव्हे गं, चौघींना. जाताना पेंड्या विसरले, रखमाला मागं पळावं लागलं.

देवकुळे साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. त्यांना पटलं होतं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते समजुतीच्या आवाजात म्हणाले, भाडं नाही, दलाल नाही, मग आता खरी नावं सांगा, मी इथंच लिहून घेतो. कायद्यानं जागा कायमची तुमची होईल. आणखी काय पाहिजे?

चांगुणानं हातातली पेंडी खाली ठेवली.

“त्येच नगं, साहेब. माझं नाव लिवलं की जागा माझी. मग मी उठीन व्हय? आज म्हंते उठीन. कागुद हातात आला की न्हाई उठायची. मी उठले तर सून म्हणंल, आत्याबाई, जागा आपली हाय, भाड्यानं दिऊ. तुमी आता म्हनला न्हवं, भाडं, दलाल? आज हुत न्हाई ते तुमच्या कागदानं हुईल.”

तिनं पेंडी पुन्हा उचलून बांधायला घेतली.

“माझा पोरगा चाकनला लागलाय. माझी गरज सरत आली. मी बसून ऱ्हायले तर फुडची बाई कुटं बसंल?”

“पुढची कोण?” साहेबांनी विचारलं.

तानूबाईच्या जागेवरची शमशाद कोथिंबिरीच्या जुड्या उगाच इकडून तिकडं ठेवायला लागली. दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. चांगुणानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर मेथीकडे वळवली.

रखमाला राहवलं नाही. “आता काय लपवायचं. ह्या बाईच की.”

मला कळायला वेळ लागला. मग कानांच्या पाळ्या तापल्या. गेले दोन महिने, मी नुसती गिऱ्हाईक होते तेव्हापासून, गल्ली माझा विचार करत होती. रोज उन्हाची हिंडते, पोर वाळलेली, मालक कधी कुणी पाहिला नाही. अर्धी पेंडी मेथी मागते. एवढी शिकलेली बाई असं करते म्हणजे टाकलेलीच असणार. चांगुणा म्हणाली होती, हिला चार दिवस बसवून बघू, हात वळतो का. शमशादचं मत पडलं होतं, शिकलेली आहे, लाजेल. रखमा पहिल्यापासून विरोधात. तिचं म्हणणं, ही पानं मोजून पेंडी बांधेल, गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत उभं राहील.

देवकुळे साहेब खाली बघून हसत होते. बोरशिरसला आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

“मला नवरा आहे,” मी म्हणाले. आवाज नको तितका मोठा आला. “कालव्यावर असतो. शनिवारी येतो.”

“माझाबी शनवारीच यायचा,” रखमा म्हणाली. “मंग शनवारबी बंद झाला.”

सगळी गल्ली हसली, मीही हसले. हसता हसता मला रेणूच्या टोपीची नाडी पुन्हा बांधावी लागली, कारण मान वर करण्यासारखी नव्हती. मला शिष्यवृत्ती मिळाली होती, विद्यापीठात दुसरा क्रमांक आला होता, आईनं त्याची फ्रेम करून ठेवली होती. पण बसायची जागा स्वतः उठून मला द्यावी असं कुणाच्याही मनात आलं नव्हतं. चांगुणाच्या आलं होतं, आणि मी तिला अकरा रकान्यांत बसवायला निघाले होते.

मी साहेबांच्या पुढ्यातला फॉर्म ओढून घेतला. नावाचा रकाना रुंद होता. त्याच्या मधोमध मी पेनानं उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं, ‘जागेचं नाव’, उजवीकडे लिहिलं, ‘सध्या बसणारी’.

“छापील फॉर्मवर रेघ मारता?” साहेब म्हणाले.

“रकाना रुंद आहे, साहेब. आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण तुमच्याच नियमात आहे. तेव्हा उजवीकडचं नाव बदलेल. डावीकडचं नाही.”

“आणि कोण बसणार हे कोण ठरवणार?”

“गल्ली. आजपर्यंत ठरवलंच आहे त्यांनी. तुमच्या रजिस्टरात नऊ मृत्यू आहेत, एकतरी तक्रार आहे का, बघा.”

त्यांनी फॉर्म हातात घेतला. मग ‘सध्या’ या शब्दाखाली बोट धरून चांगुणाला विचारलं, असं लिहिलं तर चालेल का? तिला वाचता येत नव्हतं. तिनं मला वाचायला सांगितलं. मी वाचलं: जागेचं नाव, हौसाबाई. सध्या बसणारी, चांगुणा भिकू मदने.

“पुन्यांदा वाचा.”

मी पुन्हा वाचलं.

“सध्या हाय न्हवं त्यात? मग चालतंय,” ती म्हणाली आणि अंगठा पुढं केला. तिच्यामागून शमशादनं सही केली, उर्दूत, आणि खाली मराठीत. मग बाकीच्या सात जणी. साहेब म्हणाले, शेवटचा शब्द समितीचा, मी शिफारस करतो. निघताना त्यांनी मेथीची एक पेंडी घेतली. घरी हौसाबाईचीच लागते, म्हणाले, मी आणायला कधी आलो नव्हतो.

दीड महिन्यानं समितीनं ते मान्य केलं. रस्ता झाला, चौकोन आखले. रंगाऱ्यानं प्रत्येक चौकोनात आकडा घातला आणि नऊ चौकोनांत आकड्याखाली नावही लिहिलं. मी रेणूला घेऊन बघायला गेले होते. ती तेव्हा पावलं टाकायला शिकत होती. तालमीपासून टाकीपर्यंत एकेका नावावर पाय ठेवत गेली, आणि एकाही बाईनं तिला ओरडून बाजूला केलं नाही. वजन तिचं तेव्हाही फारसं वाढलेलं नव्हतं. पण मनगटाला बोटं गुंडाळून बघायचं मी विसरायला लागले होते.

त्यानंतर तीन वर्षांनी, पहिल्याच नूतनीकरणाला, चांगुणा उठली. वीटभट्टीवरची एक तरुण बाई तिथं बसली. तिचा नवरा भिंत पडून गेला होता, पोर रेणूएवढंच होतं. उजवीकडच्या रकान्यात नाव बदललं. मी स्वतः कार्यालयात उभी राहून ते बदलताना पाहिलं. आजवर माझ्या हातून झालेल्या कामांत मला सांगावंसं वाटतं असं हे एकच आहे. मग नवऱ्याची बदली झाली, आम्ही नाशिकला आलो. रेणू आता पहिलीत आहे. धाकटा आठ महिन्यांचा आहे, तो मात्र गुटगुटीत आहे.

तुमच्यापैकी कुणी बोरशिरसवरून जाणार असेल तर एक काम करा. गल्लीत हौसाबाई विचारू नका. हौसाबाई तिथं आहेच. कुणीतरी ‘ओ’ देईल, ताजी मेथी देईल, आणि सगळं ठीक आहे असं वाटून तुम्ही पुढं जाल. टाकीच्या मागून माळवाडीकडे पायवाट जाते. तिथं शेवटचं पत्र्याचं घर चांगुणाचं. मुलगा चाकणला, गुडघे गेलेले, आणि चार महिने तिचा फोन लागत नाही. शमशादही उठली, लेकीकडे अकलूजला गेली, तिलाही काही माहीत नाही. जागेवर होती तेव्हा तासभर उशीर झाला तरी गल्ली कुणालातरी धाडायची. उठलेल्या बाईला उशीर झाला हे कुणाला कळणार?

दारात उभं राहून चांगुणा म्हणून हाक मारा. त्या नावाची तिला सवय नाही, दोनतीनदा मारावी लागेल. ‘ओ’ आली की मला कळवा. नाही आली, तर दार ढकलून आत जा.